वळणदार एल

गेल्या वर्षी चुलत बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा व्हॉट्सॲपवर पाठवायच्या निमंत्रणाचं काम माझ्याकडे आलं. घरात एकच सॉफ्टवेअरवाला असला की प्रिंटर दुरुस्त करण्यापासून लग्नाच्या मेसेजपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडतं. छापील पत्रिका काका बघणार होते, मला फक्त मेसेज लिहायचा होता. मजकूर मराठीत लिहिला. वधूवरांची नावं मात्र इंग्रजीत, आणि तीही त्या वळणदार, शेपट्या फुटलेल्या अक्षरांत. इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये दिसतात ना, तशी. एका साइटवर नाव टाकलं, वीसेक नमुने आले, त्यातला एक उचलला आणि चिकटवला. दीडशे लोकांना मेसेज गेला. बदामांचे इमोजी परत आले.

रात्री मावसभावाचा फोन आला. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. दादाला जन्मापासून दिसत नाही. बँकेत नोकरी करतो आणि फोन स्क्रीन रीडरवर चालवतो. म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर फोन त्याला वाचून दाखवतो, तोही अशा वेगाने की शेजारी बसलेल्या माणसाला एक शब्द कळत नाही.

"अरे, लग्न कुणाचं आहे?"

"मेसेज पाठवलाय की, दादा."

"ऐकला. त्यात गणित आहे."

त्याने रीडरचा वेग कमी केला आणि मला ऐकवलं. "मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट कॅपिटल एस. मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट स्मॉल एन. मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट स्मॉल ई..." नवरीचं नाव संपेपर्यंत मी कानकोंडा होऊन ऐकत होतो. नवऱ्याचं नाव आणि दोन्ही आडनावं अजून बाकी होती.

"लग्नाचं आमंत्रण आहे की बारावीचा पेपर?" दादा हसत होता. मला हसू येत नव्हतं. मी त्याला साध्या अक्षरांत मेसेज पुन्हा पाठवला. पण एक प्रश्न डोक्यात राहिला: फोनला हे गणित वाटलंच कसं?

(ती अक्षरं मी या लेखात कुठेच टाकलेली नाहीत. तुमच्यापैकी कुणी हा लेख ऐकत असेल, तर एका ओळीपायी त्यांना अर्धा मिनिट छळायची माझी इच्छा नाही.)

त्या प्रश्नाचं उत्तर असं की फोनला काही 'वाटलं' नव्हतं. ती खरोखरच गणिताची चिन्हं आहेत. आपण ज्याला 'स्टायलिश फाँट' म्हणतो तो फाँट नाहीच. फाँट म्हणजे त्याच अक्षराला घातलेला वेगळा सदरा. तो बदलला तरी आतलं अक्षर तेच राहतं. इथे अक्षरच दुसरं आहे. युनिकोड या जागतिक यादीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. साध्या कॅपिटल एसचा क्रमांक वेगळा आणि 'गणिती ठळक स्क्रिप्ट कॅपिटल एस'चा वेगळा. संगणकाच्या लेखी या दोघांचं नातं 'स' आणि 'श' यांच्यापेक्षा फारसं जवळचं नाही.

आता यात विचित्र काय, ते बघा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, आणि तिच्या मुळाशी एक तत्त्व होतं: क्रमांक अक्षराला द्यायचा, त्याच्या दिसण्याला नाही. याचा अनुभव आपल्याला रोज येतो. मराठी वळणाचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'ल' दिसायला वेगळे. 'श'चंही तेच. राज्य शासनाने २००९ मध्ये देवनागरी वर्णमालेबद्दल निर्णय काढला, त्यात आपला ल आणि श कसा असावा तेसुद्धा ठरवून दिलं. पण युनिकोडमध्ये ल एकच आहे. वळण कुठलं दाखवायचं ते फाँटने बघावं. हे बरोबरही आहे, कारण हिंदी वळणात 'लग्न' लिहिलं म्हणून लग्न मोडत नाही.

मात्र जिथे दिसण्याने अर्थ बदलतो, तिथे युनिकोडलाही वेगळा क्रमांक द्यावा लागतो. शाळेत सगळ्यांना शिकवलेलं उदाहरण आठवा: 'आचार्यास' म्हणजे गुरुजींना आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. फरक फक्त त्या आडव्या, पापणीसारख्या अर्ध्या र चा. तो र पुसून टाकला तर दक्षिणा कुणाला द्यायची हेच कळणार नाही. म्हणून युनिकोडमध्ये देवनागरीच्या रकान्यात नुक्ता दिलेला एक वेगळा ऱ आहे, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे आपला हा पापणीचा र.

गणितवाल्यांचं म्हणणं नेमकं हेच होतं: आमच्याकडे तर रोजच आचारी आणि आचार्य आहेत.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. समीकरणात अक्षर वापरायची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात राशीला 'यावत्‌तावत्' म्हटलंय, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. एकाहून जास्त अज्ञात असतील तर पुढच्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना त्यांची आद्याक्षरं घ्यायची: या, का, नी, पी, लो. निव्वळ संख्येसाठी 'रूप' या शब्दाचं रू. संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब. त्याच्याही पाचशे वर्षं आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने अज्ञातांसाठी रंग वापरलेले आहेत. म्हणजे देवनागरी अक्षरं गणिताची चिन्हं म्हणून शेकडो वर्षं राबली. चाळीसगावजवळ पाटणे इथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची ती नोंद. तिथे बसून कुणी पोरगा 'या' आणि 'का' यांची गणितं सोडवत असेल, असं मला उगाचच वाटत राहतं.

युरोपात व्हिएतने १५९१ मध्ये अज्ञातांसाठी स्वर आणि ज्ञात राशींसाठी व्यंजनं घेतली. देकार्तने १६३७ मध्ये ते बदलून अज्ञातांना वर्णमालेच्या शेवटची अक्षरं दिली, एक्स, वाय, झेड. आजपर्यंत तेच चाललंय. (आपण त्या एक्सचा 'क्ष' केला. 'क्ष मानू' आणि 'क्ष व्यक्ती' हे शब्द तिथलेच. राँटगेनने १८९५ मध्ये अनोळखी किरणांना एक्स म्हटलं, तर आपण त्यांना क्ष-किरण म्हणून मोकळे झालो. यापेक्षा नेमकं भाषांतर मी पाहिलेलं नाही.)

पण रोमन अक्षरं सव्वीसच. ती संपली तेव्हा ग्रीक आली. तीही पुरेनात, तेव्हा गणितज्ञांनी त्याच अक्षरांची वळणं बदलायला सुरुवात केली: ठळक, तिरकं, जर्मन गॉथिक, दुहेरी काठीचं आणि हाताने लिहिल्यासारखं वळणदार, म्हणजे स्क्रिप्ट. इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही दुसऱ्या वर्षाचं एम-थ्री विचारा. सर फळ्यावर एक लांब शेपटीचा, वरून फिरवून आणलेला एल काढतात आणि त्याच्यापुढे महिरपी कंस उघडतात. तो लाप्लास ट्रान्सफॉर्म. त्याच फळ्यावर साधा एल असला तर तो इंडक्टन्स असतो. वहीत दोन्ही एल सारखेच काढले तर आठवड्याभराने आपलंच लिखाण आपल्याला कळत नाही. माझं झालं होतं. लाप्लासच्या पेपरात मला किती पडले ते इथे सांगण्यासारखं नाही.

एकोणिसाव्या शतकात वायरश्ट्रासने आपल्या एका फंक्शनसाठी असाच एक वळणदार पी घेतला. तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. युनिकोडने तो पहिल्यापासून घेतला, पण त्याचं नाव लिहिलं 'स्क्रिप्ट कॅपिटल पी'. तो कॅपिटल नाहीच. चूक लक्षात आली, पण युनिकोडचा नियम असा की एकदा दिलेलं नाव कधीही बदलायचं नाही, कारण त्यावर कुणाचं तरी सॉफ्टवेअर उभं असू शकतं. शेवटी शेजारी दुरुस्तीचं एक टोपणनाव जोडलं. मूळ नाव चुकीचंच राहिलं. आधारकार्डावर नाव चुकलेल्यांना ही व्यथा कळेल.

ही वळणं छापणं हा प्रकार खर्चिक होता. टाइप केलेल्या प्रबंधात चिन्हांची जागा मोकळी सोडायची आणि नंतर ती शाईने हाताने भरायची, असं सर्रास चाले. आयबीएमचा सिलेक्ट्रिक टाइपरायटर १९६१ मध्ये आला. त्यात अक्षरांचा गोळाच काढून दुसरा बसवता येई. एका समीकरणासाठी तीन-चार वेळा गोळा बदलणं हे टायपिस्टचं रोजचं काम झालं. डोनाल्ड कनुथ यांना १९७७ मध्ये आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं इतकी कुरूप वाटली की त्यांनी पुस्तकं लिहायचं बाजूला ठेवलं आणि टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली स्वतःच लिहायला घेतली. टेकमध्ये वळणदार एल हवा असेल तर तुम्ही चित्र काढत नाही. 'कॅलिग्राफिक एल' अशा अर्थाची आज्ञा लिहिता. वरवर बघता ही फक्त छपाईची सोय होती.

पण त्या आज्ञेचा आणखी एक फायदा होता, आणि तो ओळखणारा माणूस पुण्यात जन्मलेला होता.

टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा. काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, नंतर आयआयटी मुंबई आणि तिथून अमेरिकेत कॉर्नेल. १९९४ मध्ये पूर्ण केलेल्या त्यांच्या पीएचडीचा विषय होता गणित वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. नाव ॲस्टर; त्यांच्या वाटाड्या लॅब्राडॉर कुत्रीचं नावही तेच. गणिताचं छापील पान अंध माणसाला काहीच सांगत नाही, कारण वळणदार एल हा तिथे फक्त शाईचा आकार असतो. पण त्या पानामागची टेकची फाइल घेतली तर तिथे शब्दांतच लिहिलेलं असतं की हा एल कॅलिग्राफिक आहे, हा दोन वर चढलेला आहे. रामन यांच्या प्रोग्रॅमने ती फाइल वाचून त्याचा आवाज केला. घातांक आला की आवाजाची पट्टी वर जाई. या प्रबंधाला एसीएमचा उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार मिळाला.

मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याने गणित दहावीनंतर सोडलं. वाचून दाखवायला माणूस मिळायचा, पण वाचणारा प्रत्येक 'एल'ला 'एल'च म्हणायचा. "मला वाटायचं, एकाच अक्षराचे दोन अर्थ कसे लावायचे हे या लोकांना कळतं आणि मलाच कळत नाही," दादा म्हणाला. पानावर ती दोन वेगळी अक्षरं होती, हे त्याला त्या दिवशी माझ्याकडून कळलं. तो आता चाळिशीच्या जवळ आलाय.

तर, १९९० च्या दशकाच्या मध्यात वेब आलं आणि शोधनिबंध पडद्यावर जाऊ लागले. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी, भौतिकी आणि रसायनशास्त्राच्या संस्था, आयईईई, एल्सव्हियर अशा प्रकाशकांनी एकत्र येऊन स्टिक्स नावाचा प्रकल्प काढला. विज्ञानाच्या छपाईत लागणारं प्रत्येक चिन्ह गोळा करायचं आणि ते युनिकोडमध्ये बसवायचं. मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बार्बरा बीटन यांनी यात फार काम केलं. युनिकोडच्या बाजूला मायक्रोसॉफ्टचे मरी सार्जंट होते, मूळचे लेसर भौतिकीचे माणूस. त्यामुळे समीकरण मोडलं की काय होतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

इथे तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. एकच ए तेरा वेळा यादीत घालायचा? ज्या यादीने दोन ल मान्य केले नाहीत तिने? विरोधाचं म्हणणं साधं होतं: वळण हा सजावटीचा भाग आहे, तो मार्कअपने दाखवा. समर्थनातलं एक उदाहरण युनिकोडच्या दस्तऐवजांतच आहे आणि मला ते फार आवडतं. भौतिकीत विद्युतचुंबकीय क्षेत्राची ऊर्जा लिहिताना डाव्या बाजूला वळणदार एच असतो, हॅमिल्टोनियनचा. उजवीकडे इंटिग्रलच्या आत साधा ई आणि साधा एच यांचे वर्ग असतात: विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र. हा मजकूर कॉपी करून साध्या ईमेलमध्ये टाकला आणि वळण गळून पडलं, तर दोन्ही बाजूंना तोच एच येतो. वाचणाऱ्याला वाटेल की हे एच शोधून काढायचं समीकरण आहे. एक विधान होतं, त्याचा नकळत एक प्रश्न झाला. आचार्याच्या जागी आचारी येऊन बसला.

प्रकाशकांचं म्हणणं मान्य झालं. मार्च २००१ मध्ये युनिकोड ३.१ आलं. यादीत ४४,९४६ नवी अक्षरं आली आणि पहिल्यांदाच ती मूळच्या ६५,५३६ जागांच्या बाहेर गेली. त्यातच १,०२४ जागांचा एक ठोकळा गणिती अक्षरांना मिळाला: रोमन अक्षरांची तेरा वळणं, ग्रीकची पाच, अंकांची पाच. सोबत बजावणीही होती, की ही गणितासाठी आहेत, साध्या मजकुराच्या सजावटीसाठी नाहीत.

ही बजावणी कुणी वाचली नाही. मीही नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी नावं सजवून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. हिशोब सोपा वाटला: साध्या ए पासून गणिती स्क्रिप्ट ए किती पुढे आहे ते मोजा, आणि प्रत्येक अक्षरात तेवढं मिळवा. पोरांना वाटला. दहा मिनिटांत आमच्या वर्गातले तिन्ही योगेश तक्रार घेऊन आले. प्रत्येकाच्या नावात वाय नंतर सरळ तीन रिकामे चौकोन आणि मग एस, एच.

कारण असं: स्क्रिप्टमधले छोटे ओ, जी आणि ई युनिकोडमध्ये आधीपासूनच होते. जुन्या चिन्हसंग्रहांतून काही मोजकी वळणदार अक्षरं सुरुवातीलाच घेतली होती, कॅपिटलमध्येही बी, ई, एफ, एच, आय, एल, एम, आर. लाप्लासचा एल त्यातलाच. वळणदार एम तर दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मन मार्कचं चिन्ह म्हणूनही चाले. एकच चिन्ह यादीत दोनदा घालायचं नाही, म्हणून नव्या ठोकळ्यात त्यांच्या जागा मोकळ्या सोडल्या. अशा एकूण २४ जागा आजही रिकाम्या आहेत. इंग्रजी नावांमध्ये ही भोकं विखुरलेली पडतात; योगेशच्या नशिबी तिन्ही ओळीने आली. ठळक स्क्रिप्टमध्ये मात्र एकही भोक नाही. सजावटीच्या साइटवर मला तेच वळण मिळालं होतं, त्यामागे बहुतेक हेच कारण असावं.

पुढे इमोजींनी या अक्षरांना रस्ता मोकळा करून दिला. पहिल्या ६५,५३६ च्या बाहेरचं काहीही हाताळायला कित्येक प्रणाली तयार नव्हत्या. मायएसक्यूएलचा 'यूटीएफ-८' नावाचा प्रकार एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट द्यायचा. देवनागरी तीनमध्ये बसते, गणिती अक्षराला चार लागतात. ती अक्षरं डेटाबेसमध्ये जाताना मजकूर तिथेच तुटायचा. युनिकोडमध्ये इमोजी २०१० मध्ये आले, तेही चार बाइटांचे, आणि त्यांच्याशिवाय कुणाचं चालेना. मग सगळ्यांनी आपापली गटारं रुंद केली. इमोजींच्या मागोमाग ही गणिती अक्षरंही आपल्या चॅटमध्ये वाहत आली. गणितज्ञांना जे दहा वर्षांत जमलं नाही ते डोळ्यांतून पाणी काढत हसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्याने करून दाखवलं.

देवनागरीला असा ठोकळा मिळालेला नाही. म्हणून तर आपण मराठी निमंत्रणात नावं इंग्रजीत सजवतो. अरबीला मात्र २०१२ मध्ये स्वतःची १४३ गणिती अक्षरं मिळाली, कारण अनेक अरब देशांतल्या शाळांत समीकरणं उजवीकडून डावीकडे, अरबी अक्षरांत लिहितात, आणि तिथेही अक्षराला शेपटी किंवा फास लावला की अर्थ बदलतो. आपल्याकडे भास्कराचार्यांचे या, का, नी मागे पडले आणि वरच्या वर्गांतलं गणित रोमन अक्षरांत गेलं. वापर नाही म्हणून ठोकळा नाही. याबद्दल हळहळावं असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही. फक्त शिलालेखाच्या त्या गावाची आठवण आली की जरा चुटपुट लागते.

लग्नाच्या प्रकरणानंतर मी पेटलो होतो. मी ज्या कंपनीत आहे तिथे शिकवणीचं एक ॲप आहे, आणि मुलं स्वतःची नावं याच अक्षरांत लिहितात. शिक्षकांनी नाव शोधलं की सापडत नाही. अंध विद्यार्थी हजेरीपट ऐकायला गेले की तेच मॅथेमॅटिकल पुराण. उपाय तयार होता. युनिकोडने या प्रत्येक अक्षराशेजारी त्याचं साधं रूप नोंदवून ठेवलंय, आणि एनएफकेसी नावाच्या प्रक्रियेतून मजकूर काढला की सगळं साधं होतं. एका ओळीचं काम. मी ते नावांना लावलं. उत्साहात संपूर्ण ॲपमधल्या मजकुरालाही लावलं.

दुसऱ्या दिवशी एका गणिताच्या शिक्षकांचा मेल आला. ही प्रक्रिया वर चढलेल्या दोनचाही साधा दोन करते. त्यांच्या नोट्समध्ये दहाचा वर्ग एकशे दोन झाला होता. अकरावीच्या भौतिकीत सगळे वळणदार एच सपाट झाले होते. प्रकाशकांना १९९० च्या दशकात ज्याची भीती होती ते मी एका संध्याकाळी, चांगल्या हेतूने, काही हजार पानांवर करून टाकलं होतं. बॅकअप होता म्हणून नोकरी शाबूत आहे. आता सपाट करणं फक्त नावांपुरतं आहे.

वळणांचा वाद खुद्द गणितातही पूर्ण मिटलेला नाही. स्क्रिप्टच्या कॅपिटल अक्षरांत दोन घराणी आहेत, एक कमी नखऱ्याचं आणि एक भरपूर शेपट्यांचं. युनिकोडने दोन्हींना एकच क्रमांक दिला होता. पण काही लेखक एकाच निबंधात दोन्ही वापरतात आणि दोन्हींचे अर्थ वेगळे असतात. मग २०२१ च्या आवृत्तीत या अक्षरांच्या मागे एक अदृश्य खूण जोडून घराणं सांगायची सोय केली. ती कुठल्या फोनवर कशी ऐकू येते हे तपासायचं माझ्या यादीत आहे.

दिवाळीत दादा घरी आला होता. फराळ झाल्यावर म्हणाला, "ते तुझं एम-थ्रीचं काय होतं? पाठव बघू एक ओळ." मी लाप्लासची व्याख्या लिहिली: जुना, १९९१ पासूनचा वळणदार एल, महिरपी कंस, एफ ऑफ टी, बरोबरचं चिन्ह, मग इंटिग्रल. त्याने रीडरचा वेग एकदम कमी केला. फोन म्हणाला, "स्क्रिप्ट कॅपिटल एल."

दादाने बोट मागे नेऊन ते पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा.

"हं. म्हणजे हा एल वेगळा."

"हो."

"आणि कंसात काय आहे? थांब, तू नको सांगूस. ऐकतो मी."